डेटाबेस सर्व्हरची मांडणी व उपलब्ध हार्डवेअर : महाविद्यालयीन वापराच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

प्रवेश अर्ज, शुल्काच्या पावत्या, ग्रंथालयातील देवघेव, अंतर्गत गुण आणि हजेरी ही सारी कामे आता महाविद्यालयात संगणकावर होतात. ग्रंथालयासाठी 'कोहा' आणि अध्यापनासाठी 'मूडल' या मोफत मिळणाऱ्या प्रणाली अनेक संस्थांनी स्वीकारल्या आहेत. कोहा ही प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयात २००० साली प्रथम सुरू झाली, तर मूडलची पहिली आवृत्ती २००२ साली आली. कोहाच्या मागे मायएसक्यूएल अथवा मारियाडीबी हा डेटाबेस असतो. मूडल याशिवाय पोस्टग्रेएसक्यूएलवरही चालते. प्रणाली बसवली जाते, चार-सहा महिने ती बरी चालते आणि नेमकी प्रवेशाच्या किंवा निकालाच्या दिवशी अडते. तेव्हा सर्वसाधारणपणे एकच निष्कर्ष काढला जातो : "यंत्र जुने झाले, नवे घ्यावे लागेल."

हा निष्कर्ष कधी बरोबर असतो, पण बऱ्याचदा तो घाईचा असतो. लहान संस्थेच्या अंदाजपत्रकात नव्या सर्व्हरचा खर्च म्हणजे वर्षभराच्या पुस्तक खरेदीवर किंवा शिष्यवृत्तीच्या निधीवर येणारा ताण होय. म्हणून खर्चाचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी हाती असलेल्या यंत्राचा पुरता उपयोग होत आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते. हे काम सामुदायिक महाविद्यालयातील संगणकाचे अध्यापक स्वतः करू शकतात. त्यासाठी लागते ती मोजमापाची सवय आणि थोडे अंकगणित. हे अंकगणित क्रमाने समजावून सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. कुंडी भंडाऱ्यातील एक धडा

आपल्या बुऱ्हाणपूरच्या वाचकांना कुंडी भंडारा नवा नाही. जहांगीर बादशहाच्या काळात, अब्दुल रहीम खानखाना येथे सुभेदार असताना, इ. स. १६१५ च्या सुमारास ही पाणीपुरवठा योजना उभी राहिली. इराणी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरून तापीकडे वाहणारे पाणी वाटेतच अडवायचे, भूमिगत बोगद्यातून ते कुंडीमागून कुंडी पुढे न्यायचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत पोहोचवायचे, अशी ही रचना आहे. २०२४ साली तिचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

या योजनेत पाणी उपसणारे कोणतेही यंत्र नाही. जमिनीचा उतार किती, पाझर किती आणि शहराची गरज किती, हे पाहून बोगदा खोदला गेला. जेवढे पाणी पाझरते त्याहून अधिक त्या बोगद्यातून कधीच मिळणार नाही. पण बोगद्याचा उतार चुकला असता, तर पाझरणारे पाणीही पुढे गेले नसते. डेटाबेस सर्व्हरच्या मांडणीची कामगिरी याच स्वरूपाची आहे. मांडणी हार्डवेअरमध्ये भर घालत नाही. असलेले हार्डवेअर वाया जाऊ नये, एवढेच ती पाहते. ही मर्यादा ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

३. यंत्रातील साधने आणि त्यांचा वेग

डेटाबेसच्या दृष्टीने यंत्रात तीन साधने महत्त्वाची असतात : मेमरी म्हणजे रॅम, डिस्क आणि प्रोसेसर. यांपैकी मेमरी व डिस्क यांच्या वेगातील अंतर समजले, तर निम्मा विषय समजला असे म्हणता येईल.

मिनिटाला ७२०० फेरे घेणारी साधी हार्ड डिस्क घ्या. तिचे सेकंदाला १२० फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली नोंद वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. त्यात वाचकशीर्ष योग्य वर्तुळावर नेण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले, तर एका वाचनास बारा-तेरा मिलिसेकंद होतात. म्हणजे विखुरलेल्या नोंदी वाचताना अशी डिस्क सेकंदाला सुमारे ८० वाचनेच करू शकते. याउलट मेमरीतील मजकूर सुमारे १०० नॅनोसेकंदांत हाती येतो. दोहोंतील अंतर लाखपटीहून अधिक आहे. एसएसडी या प्रकारच्या डिस्कला फिरता भाग नसतो. तिचे वाचन सुमारे ०.१ मिलिसेकंदात होते. ती हार्ड डिस्कपेक्षा शंभरपटीने वेगवान असली, तरी मेमरीपेक्षा बरीच मंद आहे.

यावरून पहिला नियम निघतो : वारंवार लागणारा मजकूर मेमरीत राहावा, डिस्ककडे जाण्याची वेळ क्वचित यावी. डेटाबेस आपला मजकूर पानांच्या स्वरूपात ठेवतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी यंत्रणेत एक पान १६ किलोबाइटचे असते, तर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ८ किलोबाइटचे. ही पाने मेमरीत ठेवण्याच्या जागेला पहिल्यात 'बफर पूल' आणि दुसऱ्यात 'शेअर्ड बफर्स' म्हणतात.

४. मूळ मांडणी लहान का असते?

डेटाबेस प्रणाली बसवताच जी मूल्ये मिळतात, ती कोणत्याही यंत्रावर ती सुरू व्हावी या हेतूने ठेवलेली असतात. इनोडीबीचा बफर पूल मुळात १२८ मेगाबाइटचा असतो आणि पोस्टग्रेएसक्यूएलचे शेअर्ड बफर्सही सामान्यतः १२८ मेगाबाइटचेच असतात. म्हणजे ८ गिगाबाइट मेमरीचे यंत्र घेऊन त्यावर मूळ मांडणीच चालू ठेवली, तर डेटाबेस स्वतःच्या साठ्यासाठी त्यातील चौसष्टावा भागच वापरतो.

२००० नंतरच्या दशकात मायएसक्यूएलबरोबर लहान, मध्यम, मोठी व प्रचंड अशा यंत्रांसाठी वेगवेगळ्या नमुना फाइली मिळत. त्यांत 'लहान' यंत्र म्हणजे ६४ मेगाबाइटपर्यंत आणि 'मोठे' यंत्र म्हणजे ५१२ मेगाबाइट मेमरीचे, असे गृहीत होते. ५.६ या आवृत्तीपासून या फाइली काढून टाकल्या गेल्या. तरीही जुन्या पुस्तकांतून व टिपणांतून उतरवलेली ती मूल्ये आजही काही ठिकाणी आढळतात. त्याच काळातील 'क्वेरी कॅशे' ही सोय मायएसक्यूएल ८.० मधून, म्हणजे २०१८ साली, पूर्णपणे वगळली गेली. जुन्या फाइलीतील तिचे नाव नव्या आवृत्तीत तसेच राहिले, तर अनोळखी सेटिंग म्हणून सर्व्हर सुरूच होत नाही. तेव्हा कोणताही सल्ला स्वीकारताना तो कोणत्या आवृत्तीसाठी व किती मेमरीच्या यंत्रासाठी आहे, हे आधी पाहावे.

५. मेमरीची वाटणी : एक उदाहरण

केवळ डेटाबेससाठी राखून ठेवलेल्या यंत्रावर इनोडीबीच्या बफर पूलला एकूण मेमरीच्या ७० ते ८० टक्के जागा देण्याची प्रथा आहे. पोस्टग्रेएसक्यूएल कार्यप्रणालीच्या स्वतःच्या साठ्यावरही विसंबून असतो. म्हणून त्याच्या माहितीपुस्तिकेत शेअर्ड बफर्ससाठी २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि ४० टक्क्यांच्या वर जाण्याने सहसा लाभ होत नाही, असे सांगितले आहे. परंतु आपल्या महाविद्यालयांत स्वतंत्र यंत्र फारसे नसते. एकाच यंत्रावर वेब सर्व्हर, डेटाबेस आणि कधी कधी कार्यालयाच्या फाइलीही असतात. अशा ठिकाणी टक्केवारीचा नियम जसाच्या तसा लावणे धोक्याचे असते.

समजा, एका महाविद्यालयाजवळ ८ गिगाबाइट मेमरी व चार गाभ्यांचा प्रोसेसर असलेले लिनक्स यंत्र आहे आणि त्यावर अपाचे वेब सर्व्हर व मायएसक्यूएल एकत्र चालतात. वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल.

(अ) एकूण मेमरी ८१९२ मेगाबाइट.

(आ) कार्यप्रणाली व किरकोळ सेवांसाठी १०२४ मेगाबाइट. उरले ७१६८.

(इ) वेब सर्व्हरची एक प्रक्रिया प्रत्यक्ष मोजणीत ६० मेगाबाइट घेते असे धरू. अशा ४० प्रक्रियांना २४०० मेगाबाइट. उरले ४७६८.

(ई) डेटाबेसच्या ६० जोडण्या, प्रत्येकी सुमारे ४ मेगाबाइट, म्हणजे २४० मेगाबाइट. उरले ४५२८.

(उ) अडीअडचणीसाठी व कार्यप्रणालीच्या फाइल-साठ्यासाठी सुमारे १००० मेगाबाइट राखले, तर बफर पूलला साडेतीन गिगाबाइटपर्यंत जागा देता येते.

येथे एक बारकावा आहे. मायएसक्यूएल ८.० मध्ये बफर पूल १२८ मेगाबाइटच्या तुकड्यांनी बनतो, आणि पूल १ गिगाबाइट किंवा अधिक असेल तर त्याचे मुळात आठ भाग पाडले जातात. त्यामुळे पूलचे आकारमान १०२४ मेगाबाइटच्या पटीत असावे लागते. नसेल तर सर्व्हर ते वरच्या पटीपर्यंत आपणहून वाढवतो. आपण ३.५ गिगाबाइट लिहिले, तर प्रत्यक्षात ४ गिगाबाइट घेतले जातील आणि आपण राखून ठेवलेली जागा निम्म्याने कमी होईल. म्हणून येथे ३ गिगाबाइट हे मूल्य लिहिणे शहाणपणाचे.

परंतु ही फक्त वरची मर्यादा झाली. संस्थेचा सगळा डेटाबेस जर ६०० मेगाबाइटचा असेल, तर त्याला १ गिगाबाइटचा पूल पुरेसा आहे. उरलेली मेमरी वेब सर्व्हरच्या उपयोगी पडेल. म्हणून वाटणी करण्यापूर्वी सर्व तक्ते व त्यांच्या अनुक्रमणिका यांचे एकूण आकारमान जाणून घ्यावे. मायएसक्यूएलमधील 'इन्फर्मेशन स्कीमा' या माहितीसंचातून ते एका प्रश्नात मिळते.

६. प्रत्येक जोडणीचा छुपा खर्च

बफर पूल सर्वांसाठी एकच असतो, पण काही मेमरी प्रत्येक जोडणीला स्वतंत्र लागते. मायएसक्यूएलमध्ये 'सॉर्ट बफर' आणि 'जॉइन बफर' मुळात प्रत्येकी २५६ किलोबाइटचे असतात. "वेग वाढेल" या समजुतीने ते ८-८ मेगाबाइटचे केले, त्यात इतर लहान बफर वाढवून एका जोडणीचा खर्च २० मेगाबाइटवर नेला आणि जोडण्यांची मर्यादा ५०० ठेवली, तर सर्वात वाईट प्रसंगी १०,००० मेगाबाइट लागतील. यंत्रात आहेत ८१९२, आणि त्यात बफर पूल अजून धरलेला नाही.

पोस्टग्रेएसक्यूएलमधील 'वर्क मेम' हे सेटिंग याहून फसवे आहे. मुळात ते ४ मेगाबाइटचे असते. ते जोडणीमागे एकदा लागू होत नाही. एका प्रश्नातील क्रमवारी लावण्याच्या प्रत्येक कामाला ते वेगळे मिळू शकते. ते ६४ मेगाबाइट केले आणि १०० जोडण्यांवर प्रत्येकी दोन अशी कामे एकाच वेळी चालली, तर १२,८०० मेगाबाइट लागतील. दैनंदिन वापरासाठी हे मूल्य लहान ठेवून वार्षिक अहवालासारख्या एखाद्या जड कामापुरते त्याच जोडणीत वाढवणे, हा योग्य मार्ग आहे.

मेमरी संपली की लिनक्स मेमरीतील पाने डिस्कवरील 'स्वॅप' जागेत हलवू लागते. म्हणजे जी धाव टाळण्यासाठी आपण बफर पूल वाढवला, तीच डिस्ककडची धाव आता उलट्या मार्गाने सुरू होते. स्वॅपही संपली, तर कार्यप्रणाली सर्वाधिक मेमरी घेणारी प्रक्रिया बंद पाडू लागते, आणि ती प्रक्रिया बहुधा डेटाबेसचीच असते. निकालाच्या दिवशी सर्व्हर "आपोआप बंद पडला" अशी तक्रार येते, तेव्हा हे कारण प्रथम तपासावे. कार्यप्रणालीच्या नोंदवहीत त्याची स्पष्ट नोंद सापडते.

७. जास्त जोडण्या म्हणजे जास्त काम नव्हे

"एकाच वेळी ३०० विद्यार्थी निकाल पाहणार, म्हणून ३०० जोडण्या हव्यात," हा युक्तिवाद स्वाभाविक वाटतो, पण तो बरोबर नाही. निकालाचे एक पान तयार करण्यास प्रोसेसरचा ०.१ सेकंद लागतो असे धरू. चार गाभ्यांचा प्रोसेसर सेकंदाला जास्तीत जास्त ४० पाने तयार करील. जोडण्या ४० असोत वा ३००, ही संख्या बदलत नाही. उलट ३०० कामे एकाच वेळी सुरू केली, तर प्रोसेसरचा काही वेळ एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यातच खर्च होतो आणि मेमरी भरते ती वेगळीच.

आता हिशेब पाहा. ३०० विद्यार्थ्यांनी एकाच क्षणी मागणी केली आणि सर्व्हरने ती रांगेत घेतली, तर सेकंदाला ४० या गतीने शेवटच्या विद्यार्थ्याला साडेसात सेकंदांत निकाल मिळेल. हीच मागणी एकदम आत घेतली आणि यंत्र स्वॅपमध्ये गेले, तर कोणालाच काही मिळणार नाही. प्रवेशाच्या खिडकीपाशी रांग लावली की काम पुढे सरकते. सगळे एकदम खिडकीवर आले की कारकुनाचा हातच चालत नाही. त्यातलाच हा प्रकार आहे.

अपाचेच्या 'प्रीफोर्क' पद्धतीत एकाच वेळच्या मागण्यांची मूळ मर्यादा २५६ आहे. वरील उदाहरणातील ६० मेगाबाइटच्या हिशेबाने २५६ प्रक्रियांना १५,३६० मेगाबाइट लागतील. म्हणून ८ गिगाबाइटच्या यंत्रावर ही मर्यादा ४० च्या आसपास आणणे, हे बफर पूल ठरवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. सामान्यतः वेब सर्व्हरची एक प्रक्रिया डेटाबेसशी एक जोडणी करते. तेव्हा ४० प्रक्रियांसाठी डेटाबेसच्या ६० जोडण्या पुरेशा होतात. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ आणि पोस्टग्रेएसक्यूएलची १०० असते.

पोस्टग्रेएसक्यूएल वापरणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष कार्यरत जोडण्यांसाठी एक ढोबळ सूत्र रूढ आहे : गाभ्यांच्या संख्येची दुप्पट अधिक डिस्कची संख्या. चार गाभे व एक डिस्क असल्यास उत्तर येते नऊ. एक प्रश्न ५० मिलिसेकंदांत सुटत असेल, तर नऊ जोडण्या सेकंदाला १८० प्रश्न सोडवतात. मध्यम महाविद्यालयाच्या गरजेला ते पुष्कळ झाले. बाकीच्या मागण्या रांगेत ठेवण्यासाठी 'पीजीबाउन्सर' यासारखी मध्यस्थ प्रणाली वापरता येते.

८. डिस्क, वीज आणि नोंदीची शाश्वती

आतापर्यंत वेगाचा विचार केला. पण शुल्काची पावती दिली गेली आणि डेटाबेसमध्ये तिची नोंदच नाही, असे झाले तर वेगाचा काय उपयोग? गरीब घरातील विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा शुल्क मागितले जाणे किंवा परीक्षेच्या अर्जाची नोंद हरवणे, ही तांत्रिक बाब राहत नाही.

प्रत्येक व्यवहार पूर्ण झाला की इनोडीबी तो प्रथम एका नोंदवहीत लिहून डिस्कवर पक्का करते आणि मगच "झाले" असे उत्तर देते. हार्ड डिस्कवर या पक्केपणासाठी सुमारे एक फेरा लागतो, म्हणून एका जोडणीला सेकंदाला सुमारे १२० व्यवहारांची मर्यादा येते. हा वेळ वाचवण्यासाठी 'फ्लश लॉग ॲट ट्रॅन्झॅक्शन कमिट' हे सेटिंग १ वरून २ किंवा ० करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा.

मूल्य १ असताना पूर्ण झालेला व्यवहार वीज गेली तरी टिकतो. मूल्य २ असताना डेटाबेस प्रणाली बंद पडली तरी व्यवहार टिकतो, पण वीज गेली किंवा कार्यप्रणाली कोसळली तर शेवटच्या सुमारे एक सेकंदातील व्यवहार जाऊ शकतात. मूल्य ० असताना केवळ डेटाबेस प्रणाली बंद पडली तरी तेवढेच नुकसान होऊ शकते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'सिंक्रोनस कमिट' बंद केल्यास शेवटचे काही क्षण जाऊ शकतात, मात्र उरलेला डेटाबेस सुसंगत राहतो. 'एफसिंक' बंद केल्यास वीज गेल्यावर संपूर्ण डेटाबेसच बिघडू शकतो. ही दोन सेटिंगे एकाच मापाने मोजू नयेत. महाविद्यालयाच्या यंत्रावर 'एफसिंक' कधीही बंद करू नये.

जुन्या निकालांच्या हजारो नोंदी एकदम भरायच्या असतील, तर प्रत्येक नोंद स्वतंत्र व्यवहार न करता हजार-हजार नोंदींचा एक व्यवहार करावा. त्यामुळे पक्केपणाचा खर्च हजारातून एकदाच येतो आणि शाश्वतीला हात लावावा लागत नाही. अशा वेळी नोंदवहीचे आकारमानही पाहावे. ती फार लहान असेल तर मेमरीतील बदल डिस्कवर उतरवण्याची घाई वारंवार होते. सर्व्हरला यूपीएस जोडणे आणि बॅटरी संपण्यापूर्वी सर्व्हर रीतसर बंद होईल अशी व्यवस्था करणे, हाही या मांडणीचाच भाग समजावा. रोजची राखीव प्रत त्याच डिस्कवर न ठेवता वेगळ्या जागी ठेवावी.

हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर मांडणीलाही ते कळवावे लागते. पोस्टग्रेएसक्यूएलमधील 'रँडम पेज कॉस्ट' मुळात ४ असते. विखुरलेले वाचन सलग वाचनापेक्षा महाग आहे, असा त्याचा अर्थ. एसएसडीवर ते १.१ च्या आसपास आणले जाते. तसे न केल्यास डेटाबेस अनुक्रमणिका सोडून संपूर्ण तक्ता वाचण्याचा मार्ग अकारण निवडू शकतो.

९. लिपीचा भार

बुऱ्हाणपूर परिसरातील संस्थांत एकाच नोंदवहीत उर्दू, हिंदी व मराठी नावे येतात. त्यासाठी मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८ एमबी-४' हा अक्षरसंच वापरावा. या अक्षरसंचात रोमन अक्षराला १ बाइट, उर्दू अक्षराला २ बाइट आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला व मात्रेला ३ बाइट लागतात. 'किताब' हा शब्द उर्दू लिपीत चार अक्षरांचा, म्हणजे ८ बाइटचा. देवनागरीत मात्रा धरून पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटचा. आणि रोमन लिपीत ५ बाइटचा होतो. शब्द एकच, पण देवनागरीत त्याला रोमनच्या तिप्पट जागा लागते.

म्हणून इंग्रजी नोंदी गृहीत धरून सांगितलेले आकारमानाचे अंदाज आपल्याकडे कमी पडतात. ग्रंथसूची मोठी असेल, तर शीर्षकांच्या रकान्यांसाठी व त्यांच्या अनुक्रमणिकांसाठी हा फरक आधीच हिशेबात धरावा. जागा वाचवण्यासाठी नावे रोमन लिपीत भरणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. मेमरी स्वस्त होत जाते, चुकीचे लिहिलेले नाव गुणपत्रिकेवर कायमचे राहते.

१०. मोजमाप आणि बदलाची पद्धत

सेटिंग बदलल्यावर लाभ झाला की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. इनोडीबी दोन संख्या मोजत असते : पानांची एकूण मागणी आणि त्यांपैकी डिस्कवरून वाचावी लागलेली पाने. एका तासात १० लाख मागण्या व २,००० डिस्क-वाचने झाली, तर ९९.८ टक्के मागण्या मेमरीतून भागल्या. डिस्कवर सेकंदाला एक वाचनही आले नाही. दुसऱ्या यंत्रावर तासाला एक कोटी मागण्या आणि एक लाख डिस्क-वाचने झाली, तर टक्केवारी ९९ दिसते, पण डिस्कवर सेकंदाला सुमारे २८ वाचने येतात. सेकंदाला ८० वाचनांच्या डिस्कची तिसऱ्या हिश्शाहून अधिक क्षमता तेथेच संपली. म्हणून केवळ टक्केवारीवर न जाता डिस्कच्या क्षमतेशी तुलना करावी.

बदलाची पद्धत पुढीलप्रमाणे ठेवावी.

(१) गर्दीच्या व एरवीच्या दिवसाची मोजमापे आधी लिहून ठेवावीत : मोकळी मेमरी, स्वॅपचा वापर, डिस्क-वाचने, एकाच वेळच्या जास्तीत जास्त जोडण्या.

(२) मंद प्रश्नांची नोंद सुरू करावी. मायएसक्यूएलमध्ये दहा सेकंदांहून जास्त वेळ घेणारा प्रश्न मुळात मंद मानला जातो. ही मर्यादा एक-दोन सेकंदांवर आणावी.

(३) एका वेळी एकच सेटिंग बदलावे. जुने मूल्य, नवे मूल्य, तारीख आणि कारण वहीत लिहावे.

(४) प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात कोणताही बदल करू नये.

(५) जुन्या मांडणी-फाइलीची प्रत जपून ठेवावी.

ही वही पुढील अध्यापकाच्या हाती जाईल, तेव्हा तिची किंमत कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा अधिक असेल. विद्यार्थ्यांसाठीही हा उत्तम प्रकल्प आहे. प्रयोगशाळेतील एका जुन्या यंत्रावर बफर पूल १२८ मेगाबाइट व १ गिगाबाइट ठेवून तोच अहवाल काढायला लावला, तर पाठ्यपुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

११. मांडणीच्या मर्यादा

मांडणी सर्व रोगांवरचे औषध नाही. तक्त्यावर योग्य अनुक्रमणिका नसेल, तर एका विद्यार्थ्याची नोंद शोधण्यासाठी लाखो नोंदी वाचल्या जातात. तेथे बफर वाढवून दुखणे फक्त झाकले जाते. 'एक्स्प्लेन' या आज्ञेने प्रश्न कोणत्या मार्गाने सुटतो हे पाहून अनुक्रमणिका घातली, तर काही सेकंदांचे काम काही मिलिसेकंदांवर येऊ शकते. त्यावर खर्च काहीच होत नाही.

कधी मर्यादा सॉफ्टवेअरच्या परवान्यातच असते. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत 'एक्स्प्रेस' आवृत्तीत, २०१६ ते २०२२ या आवृत्त्यांमध्ये, बफर पूलला १४१० मेगाबाइटची मर्यादा आहे. अशा प्रणालीसाठी यंत्राची मेमरी ८ वरून १६ गिगाबाइट केली, तरी डेटाबेसचा साठा तेवढाच राहतो. तसेच जुन्या ३२-बिट प्रणालीत एका प्रक्रियेचा पत्ता-विस्तारच ४ गिगाबाइटचा असल्याने वाढवलेली मेमरी एकट्या डेटाबेसला पुरती वापरता येत नाही.

मग नवे हार्डवेअर केव्हा घ्यावे? अनुक्रमणिका तपासल्या आहेत, मेमरीची वाटणी हिशेबाने केली आहे, जोडण्यांना मर्यादा घातली आहे, आणि तरीही डिस्क-वाचने तिच्या क्षमतेच्या जवळ आहेत किंवा प्रोसेसर सतत पूर्ण भरलेला आहे, अशी नोंद वहीत असेल तेव्हा. त्या वेळीही बहुधा पूर्ण यंत्र बदलावे लागत नाही. वाचने जास्त असतील तर मेमरी वाढवणे किंवा एसएसडी बसवणे, आणि प्रोसेसर भरलेला असेल तरच यंत्र बदलणे, असा क्रम ठेवावा.

१२. निष्कर्ष

डेटाबेस सर्व्हरची मांडणी ही हाती असलेल्या साधनांच्या न्याय्य वाटणीची बाब आहे. मेमरी किती आहे हे पाहून तिचे वाटे करावेत. वेब सर्व्हर व जोडण्या यांचा खर्च आधी काढून उरलेल्या जागेतच बफर ठेवावा. एकाच वेळी किती कामे आत घ्यायची, हे प्रोसेसरच्या गाभ्यांवरून ठरवावे. आणि वेगासाठी नोंदीची शाश्वती कधीही गहाण टाकू नये. व्यवस्थापनाकडे नव्या खरेदीचा प्रस्ताव नेताना अध्यापकांनी आपली मोजमापाची वही सोबत न्यावी. "यंत्र मंद आहे" या वाक्यापेक्षा "निकालाच्या दिवशी डिस्कवर सेकंदाला ७५ वाचने होती आणि तिची क्षमता ८० आहे" हे वाक्य अधिक पटणारे असते. मागणी खरी असेल तर ती लवकर मान्य होते, आणि नसेल तर तो पैसा ग्रंथालयाच्या किंवा विद्यार्थ्यांच्या कामी येतो.